बेल्ट बदलल्यापासून जिप्सी ओढत नाही: आधी खरा टॉप शोधा, डेल्कोला हात नंतर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांच्याकडे अशीच गाडी आहे त्यांनाही धागा सापडेल. साताऱ्याला तुमच्या वडिलांनी घेतलेली १९९८ची मारुतीची जिप्सी किंग आहे; कार्बोरेटरवालं, ८ व्हॉल्व्हचं, १२९८ सीसी इंजिन. बेल्टला तडे दिसले म्हणून एका गॅरेजात टायमिंग बेल्ट बदलून घेतला. त्या दिवसापासून यवतेश्वरच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरलाही दमते, ॲक्सिलरेटर एकदम दाबला की कार्बोरेटरमधून मागे मारते (उलटा फटका येतो), काटा तापाकडे सरकतो आणि पेट्रोल जास्त पिते. दुसऱ्या मिस्त्रीने डेल्को, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, फिरवून दिला, थोडा फरक पडला. तिसऱ्याने कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) मोठा टाकला, त्याने काळा धूर सुरू झाला. आता चौथा म्हणतो की रिंग-पिस्टन गेले, इंजिन उतरवावं लागेल.

चौथ्याचं म्हणणं इतक्यात मनावर घेऊ नका. रिंगा झिजायला वर्षं लागतात, त्या बेल्ट बदलायच्या दिवशी झिजत नाहीत. गाडी गॅरेजात गेली तेव्हा घाट चढत होती आणि बाहेर आली तेव्हा चढेना, तर दोष त्या दिवशी जे उघडलं आणि परत बसवलं त्यातच शोधायचा. मी कोल्हापुरात ३० वर्षं हेच काम करतो. दुसऱ्याकडे बेल्ट बदलून आलेल्या आणि 'इंजिन गेलं' असं ऐकून घाबरलेल्या मालकांच्या जिप्सी, झेन, एस्टीम, ८०० इतक्या पाहिल्या आहेत की तुमचं वर्णन वाचतानाच कुठे हात घालायचा ते दिसत होतं. तरीही अंदाजाने काम करू नका. या गाडीवर आधीच तिघांनी अंदाज केले आहेत.

या इंजिनाची रचना समजली की पुढचं सगळं सोपं जातं. टायमिंग बेल्ट फक्त खालच्या क्रँकला (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि वरच्या कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जोडतो, मध्ये एक टेन्शनर, म्हणजे बेल्टला ताण देणारं चाक. पाण्याचा पंप या बेल्टवर नाही, तो बाहेरच्या फॅन बेल्टवर चालतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: डेल्को हेडच्या मागच्या टोकाला कॅमच्याच गिअरवर फिरतो. म्हणजे बेल्ट बसवताना कॅम मागे राहिला, तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतील-मिटतील आणि त्याच हिशेबाने ठिणगीही उशिरा पडेल. चूक एकच, पण दोन ठिकाणी दिसते. यातली ठिणगीची चूक डेल्को फिरवून झाकता येते. व्हॉल्व्हची येत नाही.

एक दात म्हणजे किती, याचा हिशेब बऱ्याच मिस्त्रींच्या डोक्यात नसतो. क्रँकच्या स्प्रॉकेटला (बेल्ट बसतो त्या दातेरी चाकाला) जितके दात असतील तितक्याने ३६० ला भागायचं. समजा २० दात असले तर एक दात चुकला की क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांचा फरक. आपण ठिणगी सेट करताना दोन अंशांसाठी टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) लावून बसतो, तिथे १८ अंश म्हणजे केवढा घोळ! तरीही इंजिन चालू होतं. या ८ व्हॉल्व्हच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह सहसा एकमेकांना लागत नाहीत, त्यामुळे काही मोडत नाही, खडखडत नाही. गाडी सुरू होते, स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) थरथरते, आणि 'जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच' म्हणून मालकाच्या हातात किल्ली दिली जाते.

आता तुमच्या गाडीचा माग काढू. माझा कयास असा की पहिल्या गॅरेजात कॅम एखादा दात, कदाचित दोन, मागे राहिला. त्यामुळे कंप्रेशन पडलं आणि ठिणगी लेट झाली. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो म्हणून आत घेतलेला पेट्रोल-हवेचा माल वर येणारा पिस्टन परत कार्बोरेटरकडे ढकलतो, तेच तुमचं मागे मारणं. लेट ठिणगीने जळण लांबतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि हेडमध्ये जाते, म्हणून तापणं. दुसऱ्याने डेल्को ॲडव्हान्सकडे, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असा, फिरवला. ठिणगी जागेवर आली, म्हणून थोडा फरक पडला, पण व्हॉल्व्ह तिथेच राहिले. तिसऱ्याने दम नाही म्हणून पेट्रोल वाढवलं. प्रत्येकाने आधीच्याच्या चुकीवर स्वतःचा एक थर चढवला. हे थर वरून खरवडत बसू नका, तळापासून सुरुवात करा: क्रँक, मग कॅम, मग टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप ठरवणारे स्क्रू), मग डेल्को, मग कार्बोरेटर. या क्रमातलं आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

खोलण्याआधी बॉनेट उघडून डेल्कोच्या बुडाकडे पाहा. तिथे त्याला धरणारा बोल्ट लांबट खाचेत असतो. मूळ जुळणीतल्या गाडीत तो बोल्ट साधारण खाचेच्या मधल्या भागात दिसतो. दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा आणि मध्ये जुन्या वॉशरचा गोल ठसा. तुमच्या गाडीत बोल्ट खाचेच्या एका टोकाला टेकलेला असेल आणि जुना ठसा उघडा पडला असेल, तर निम्मं निदान झालं. आता नंबर एकच्या वायरला टायमिंग लाइट लावा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर खूण बरोबर दिसते, तरीही डेल्को टोकाला गेलेला आहे, याचा अर्थ सरळ आहे: क्रँकच्या हिशेबाने ठिणगी बरोबर, पण ती बरोबर आणण्यासाठी डेल्कोला कॅमची चूक भरून काढावी लागली. मला पैज लावायला सांगितलं तर मी या एका खुणेवर लावीन.

त्यानंतर कंप्रेशन. बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेले आकडे फसवे असतात आणि 'इंजिन गेलं' हा निकाल पुष्कळदा अशाच आकड्यांवर दिलेला असतो. सुस्थितीतलं हे इंजिन समुद्रसपाटीला १७० ते २०० पीएसआय देतं. साताऱ्याची उंची ७०० मीटरच्या आसपास, तिथे हवाच विरळ असल्याने १५५ ते १८५ ला समाधान माना. आकड्यांपेक्षा त्यांचा आपसातला मेळ बघा. चारही सिलिंडर १२०-१२५ असे एकसारखे पडलेले असतील, तर चार सिलिंडरच्या रिंगा एकाच मापाने झिजल्या हे मानणं कठीण आहे; कॅम मागे आहे असं समजा. एखादाच ९० आणि बाकीचे १६५ असतील तर मात्र त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा रिंग. आणि कॅम मागे न राहता एक दात पुढे गेलेला असेल तर कंप्रेशन पडत नाही, उलट चांगलं दिसतं; तेव्हा गाडी खाली बरी ओढते आणि वर गेल्यावर गुदमरते. म्हणून नुसत्या कंप्रेशनवर भरवसा ठेवू नका.

व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतं ते मोजणारा मीटर) असेल तर इनटेक मॅनिफोल्डला लावा. गरम इंजिन स्लोला समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंच दाखवतं. दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरा. काटा १० ते १३ वर, पण न थरथरता स्थिर उभा असेल, तर तो लेट टायमिंगचा काटा आहे. थरथरत असता तर एखादा व्हॉल्व्ह किंवा मिसिंग म्हटलं असतं.

इतकं झालं की पुढचं खोलायचं. फॅन, फॅन बेल्ट, पुली, बाहेरचं कव्हर आणि वरचं रॉकर कव्हर (रॉकर म्हणजे कॅमने हलून व्हॉल्व्ह दाबणारे हात). रॉकर कव्हर काढायचा कंटाळा करू नका, खरी साक्ष तिथेच मिळते.

खोलल्यावर आधी कुठल्याही खुणेवर विश्वास ठेवू नका. दुसऱ्याने काम केलेल्या इंजिनात पांढऱ्या रंगाचे, नेलपॉलिशचे, छिन्नीचे ठिपके सापडतात. आधीच्या मिस्त्रीने जुना बेल्ट काढण्यापूर्वी 'आहे तसं' म्हणून ते मारलेले असतात आणि बेल्ट काढताना कॅम स्प्रिंगच्या दाबाने थोडा उडाला की त्यांना अर्थ राहत नाही. रॉकेलने पुसून टाका. कंपनीची खूण पाडलेली किंवा ओतीव असते, ती पुसली जात नाही. खाली क्रँकच्या स्प्रॉकेटवर पाडलेली खूण आणि तिच्यासमोर ऑइल पंपाच्या अंगावरचा बाण, ही एक जोडी. वर कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूण आणि मागच्या बाजूची खाच, ही दुसरी. ठिणगीच्या अंशांची खूण वेगळी असते, ती टायमिंग लाइटसाठी आहे, बेल्ट बसवण्यासाठी नाही. या दोन खुणांची गल्लत हे चुकीच्या बेल्टचं फार मोठं कारण आहे. स्प्रॉकेटला एकापेक्षा जास्त ठिपके दिसले तर आपल्याच इंजिनाच्या मॅन्युअलमधलं चित्र समोर धरा. २०००नंतरच्या १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) जिप्सीचं चित्र तुमच्या गाडीला लावू नका.

खुणांपेक्षाही पक्का साक्षीदार पिस्टन. नंबर एकचा खरा टॉप, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, असा शोधा. एका जुन्या प्लगच्या आतलं चिनी मातीचं काढून त्यात बोल्ट बसवून घ्या, कुठलाही लेथवाला करून देईल. तो नंबर एकच्या भोकात घट्ट करा. क्रँक हाताने, पान्यानेच, हळू एका बाजूला फिरवा. पिस्टन बोल्टला टेकला की पुलीवर चिकटवलेल्या कागदी टेपवर रेघ मारा. मग उलट्या बाजूने फिरवून टेकवा, दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टॉप. स्क्रूड्रायव्हर भोकात घालून 'वर आला, थांबला' असं पाहणारे पुष्कळ आहेत, पण टॉपच्या आसपास पाच-सात अंश पिस्टन हललेला जाणवतच नाही, त्यामुळे ती पद्धत ढोबळ आहे. आणि हा बोल्टवाला प्लग आत असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, पिस्टनला भोक पडेल. बॅटरीची वायर काढूनच हे काम करा.

खरा टॉप मिळाला, आता रॉकरकडे पाहा. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२. नंबर एक कंप्रेशनच्या टॉपला असतो तेव्हा एकचे दोन्ही रॉकर मोकळे, टॅपेटचा गॅप हाताला जाणवतो. त्याच क्षणी नंबर चारचे व्हॉल्व्ह झुलत असतात: एक्झॉस्ट मिटतोय आणि इनटेक उघडू लागलाय, दोन्ही अगदी किंचित दाबलेले, जवळपास सारखे. क्रँक थोडा पुढे-मागे केला की एक वर जातो, दुसरा खाली. कॅम दातभर मागे असेल तर टॉपवर चारचा एक्झॉस्ट स्पष्ट उघडा दिसतो आणि इनटेक अजून हललेलाही नसतो. हे दृश्य एकदा नीट पाहिलं की जन्मभर विसरत नाही आणि कुठलीही रंगाची खूण तुम्हाला फसवू शकत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी चार-आठ दिवस एवढंच दाखवतो.

इथे एक सापळा आहे. बेल्टच्या दोन्ही खुणा जुळल्या म्हणजे नंबर एकच फायरिंगला आहे असं धरू नका. खुणा जुळल्यावर एकचे रॉकर झुलत असतील आणि चारचे मोकळे असतील, डेल्कोच्या आत फिरणारा रोटर चारकडे पाहत असेल, तर बेल्ट चुकलेला नाही. क्रँक आणखी एक फेरा फिरवला की एक फायरिंगला येईल. हे न समजल्यामुळे कितीतरी जण डेल्को उपटून उलटा बसवतात किंवा प्लगच्या वायरी फिरवतात. तुमच्या डेल्को कॅपवर वायरी मूळ जागीच आहेत का, हेही यानिमित्ताने बघून घ्या.

आता जुना बेल्ट काढण्यापूर्वी दोन मिनिटं तिथेच थांबा आणि वास घ्या, बोट फिरवा. कव्हरच्या आत काळी भुकटी साचली असेल, बेल्टची एक कड फिसकारलेली असेल, तर क्रँक स्प्रॉकेटच्या मागची पातळ वाटीसारखी गाइड प्लेट उलटी बसली असण्याची शक्यता आहे. तिची खोलगट बाजू ऑइल पंपाकडे हवी. उलटी बसली की तिची कड बेल्टला घासत राहते. काही महिन्यांपूर्वी एक जिप्सी आली होती, बेल्ट बदलून जेमतेम काही हजार किलोमीटर झालेले, आणि बेल्टची कड कातरीने कापावी तशी खाल्लेली. मालक म्हणत होते बेल्ट डुप्लिकेट लागला. बेल्ट चांगला होता, प्लेट उलटी होती. कॅमचं किंवा क्रँकचं सील गळून बेल्टला तेल लागलेलं असेल तर बेल्ट पुसून परत वापरू नका, सीलसकट बदला.

मग क्रँकचा मोठा बोल्ट. जिप्सीच्या या इंजिनाचा हा दुखरा भाग आहे आणि देशाबाहेर सामुराई या नावाने जी गाडी विकली गेली तिच्या मालकांनाही तो ओळखीचा आहे. स्प्रॉकेट क्रँकवर एका लहान चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) अडकलेलं असतं, पण त्याला खरं धरून ठेवतो तो समोरचा बोल्ट. चावी फक्त जागा दाखवते. बोल्ट ढिला राहिला की प्रत्येक फायरिंगला स्प्रॉकेट केसभर पुढे-मागे आपटतं, चावी चेपते, क्रँकमधली खाच रुंद होते आणि टायमिंग आपोआप सरकत जातं. अशा गाडीला बेल्ट शंभरदा जुळवा, उपयोग नाही. 

तपासायचं असं: बेल्ट काढा, स्प्रॉकेट दोन बोटांत धरून फिरवायचा प्रयत्न करा, क्रँक मात्र हलू देऊ नका. कट्-कट् असा बारीकसा खेळ बोटांना जाणवला तर बोल्ट काढून स्प्रॉकेट बाहेर घ्या. चावी उन्हात धरून बघा. चांगल्या चावीच्या कडा चौकोनी असतात. खराब चावीला मध्ये पायरी पडलेली असते, अर्धी क्रँकमध्ये बसणारी आणि अर्धी स्प्रॉकेटमध्ये बसणारी, जणू दोन तुकडे सरकवून चिकटवलेत. आजूबाजूला गंजासारखी तांबूस पूड असते. ती पूड लोखंड लोखंडावर घासल्याची असते.

या कामात मी स्वतः एकदा चुकलो आहे. धंद्यात नवा होतो, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नव्हता, लांब पाइप लावून 'फिट्ट' केला आणि गाडी दिली. ती गाडी काही महिन्यांनी आंबा घाटात बंद पडली, चावी कापली गेली होती. मालक सभ्य होते, काही बोलले नाहीत, पण त्यांची बायको-मुलं रात्री घाटात बसून राहिली होती. त्या आठवड्यात मी टॉर्क रेंच घेतला आणि तेव्हापासून तो बोल्ट मॅन्युअलच्या आकड्यालाच आवळतो. तुमच्याकडे काम करणाऱ्याकडे टॉर्क रेंच नसेल तर त्याला हे काम देऊ नका, बाकी तो कितीही हुशार असो.

चावीच फक्त गेली असेल तर चावी, स्प्रॉकेट आणि बोल्ट नवे, ओरिजनल. बोल्टाचे आणि क्रँकचे आटे साफ करून घ्या. आत जुनं तेल-चिकट साचलेलं असलं की रेंच खोटा आकडा दाखवतो. क्रँकची खाच थोडी रुंदावली असेल तर चांगला मशीनशॉपवाला मापाची पायरीदार चावी घडवून देतो. आमच्या शिवाजी उद्यमनगरात अशी माणसं आहेत जी क्रँक गाडीतच ठेवून खाचेचं माप घेतात आणि दुसऱ्या दिवशी चावी हातात देतात. साताऱ्याच्या एमआयडीसीतही शोधलीत तर मिळतील. त्यासोबत बेअरिंग बसवायला वापरतात ते रिटेनिंग कंपाउंड लावलं तर उरलेला खेळ भरतो, पण धातू पूर्ण कोरडा, स्वच्छ हवा. खाच फार फाटली असेल तर क्रँकच बदलावा लागेल. वेल्डिंग करून भरतो म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो. त्या टोकाला लागूनच ऑइल सील आणि ऑइल पंप आहे, उष्णतेने तिथलं काय बिघडेल सांगता येत नाही.

बसवताना घाई नको. आधी सगळ्या टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले करा. कंपनीची पद्धत हीच आहे आणि बहुतेक गॅरेजांत हीच पायरी गाळली जाते, कारण मग टॅपेट परत सेट करावे लागतात. टॅपेट आवळलेले ठेवले की कॅमवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा दाब राहतो, कॅम आपल्या मनाने पुढे किंवा मागे उडी मारतो आणि टेन्शनरची स्प्रिंग बेल्टचा ढिलेपणा नीट ओढून घेऊ शकत नाही. टॅपेट ढिले केले की कॅम एका बोटाने फिरतो आणि जिथे ठेवाल तिथे राहतो.

दोन्ही खुणा जुळवा. बेल्ट घालताना टेन्शनर नसलेली बाजू ताणलेली ठेवा, सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला यायला हवा. एका दाताची चूक जन्माला येते ती इथेच: खुणा जुळलेल्या दिसतात, पण ओढणाऱ्या बाजूला बेल्ट किंचित सैल असतो, इंजिन फिरलं की क्रँक आधी तो सैलपणा खातो आणि मग कॅमला ओढतो. तोवर कॅम मागे राहिलेला. बेल्टवर बाण असेल तर तो इंजिन फिरतं त्या दिशेला ठेवा. टेन्शनर ढिलाच ठेवून, स्प्रिंगच्या भरवशावर, क्रँक दोन पूर्ण फेरे घड्याळाच्या दिशेने फिरवा. उलटा फिरवू नका. थोडा पुढे गेला तर परत दोन फेरे मारून या. मग आधी टेन्शनरचा स्टड आवळा, नंतर बोल्ट. पाना घालून टेन्शनर बेल्टवर दाबून धरू नका, ताण किती हवा ते स्प्रिंग ठरवते. गाडी चालू झाल्यावर बेल्टचा शिट्टीसारखा आवाज आला तर ताण जास्त झाला आहे. स्प्रिंग लांबलेली वाटली, टेन्शनरचं बेअरिंग फिरवताना खरखरलं, तर दोन्ही बदला. बेल्टच्या खर्चात तेवढ्याची काटकसर करू नये.

पुन्हा दोन फेरे, पुन्हा खुणा. आणि पुन्हा एकदा टॉपवर आणून, तात्पुरते टॅपेट लावून, चारचे व्हॉल्व्ह झुलताना डोळ्यांनी पाहा. त्यानंतरच कव्हर. टॅपेट थंड इंजिनावर, मॅन्युअलच्या मापाने, फिलर गेज किंचित अडत सरकेल इतके. खूप घट्ट ठेवले तर टकटक थांबते आणि काम छान झाल्यासारखं वाटतं, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही आणि जळतो. थोडी टकटक असलेली बरी.

आता डेल्को. नंबर एक फायरिंगच्या टॉपला, रोटर कॅपच्या एक नंबरच्या टोकाकडे, आणि बोल्ट खाचेच्या मध्यभागी. हे तीन एकदम जमत नसतील तर डेल्को बाहेर काढून गिअरचा एक दात बदलून परत बसवा. गिअर तिरकस दातांचा आहे, आत जाताना रोटर थोडा फिरतो, तेवढा आधीच मागे धरून घाला. इंजिन गरम करा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि लाइट लावून बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणा. मग रेस वाढवून बघा: खूण सलग ॲडव्हान्सकडे सरकली पाहिजे. सरकत नसेल किंवा झटक्याने उडी मारत असेल, तर डेल्कोच्या आतली वजनं गंजून जॅम आहेत. इतकी वर्षं झालेल्या गाडीत हे सर्रास असतं. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून धरा, ओढ टिकली पाहिजे. टिकली नाही तर डायफ्रॅम फाटला.

कार्बोरेटर सगळ्यात शेवटी, आणि तिथे पहिलं काम म्हणजे तिसऱ्या मिस्त्रीने टाकलेला मोठा जेट काढून मूळ नंबरचा टाकणं. तो जेट ठेवूनच गाडी 'बरी' लागली तरी ठेवू नका. काळा धूर म्हणजे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, आणि मग चौथ्या मिस्त्रीने सांगितलेला रिंगांचा रोग खरोखर लागेल. म्हणूनच ही गाडी आता आहे तशी चालवत राहू नका. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आणि फिल्टर याच कामात बदलून टाका.

एवढं सगळं करून कंप्रेशन परत घ्या. माझी अपेक्षा आहे की चारही वर येतील. एखादा खालीच राहिला तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या: आकडा वर आला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचा दोष निघाला तरी फक्त हेड उतरवावं लागतं, पूर्ण इंजिन नाही. रिंगाच निघाल्या तर मात्र चौथा मिस्त्री बरोबर होता असं मानून कामाला लागा, पण तेव्हा हातात चार आकडे असतील आणि खर्च कशासाठी करतोय ते तुम्हाला माहीत असेल.

काम करून घेताना मिस्त्रीला रागाने 'आधीच्याने चुकवलंय' असं सांगून सुरुवात करू नका. एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, शेजारी उभे राहा, आणि दोन क्षण तेवढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या: टॉपवर झुलणारे चारचे रॉकर, आणि क्रँक बोल्टावर टॉर्क रेंचचा 'टक' असा आवाज. त्यासाठी फ्लायव्हील नीट अडवलेलं असावं, स्टार्टर काढून त्या जागेतून रिंग गिअरच्या दातात अडकण देऊन. गाडी गिअरमध्ये टाकून आणि ब्रेक दाबून आवळलेला बोल्ट मी धरत नाही. जुनं स्प्रॉकेट आणि चावी परत मागून घ्या.

मग यवतेश्वरचा घाट चढून बघा. हजारेक किलोमीटर झाले की एकदा टायमिंग लाइट परत लावा. खूण जिथे ठेवली होती तिथेच असेल तर डेल्कोच्या बोल्टावर रंगाचा एक ठिपका मारून ठेवा. दोन-तीन अंश सरकलेली असेल तर डेल्को फिरवू नका, पुली खोलून क्रँकचा बोल्ट बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा.